तुटलेला वीरगळ संगणकावर पुरा करताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत वेशीजवळ, देवळाच्या पायरीशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, उभे आहेत. कुणाचा वरचा कलश फुटलाय, कुणाचा खालचा लढाईचा पट्टा मातीत गेलाय. मोबाइलनं भरपूर फोटो काढून त्यांची त्रिमितीय प्रत (स्कॅन) करता येते आणि हरवलेला भाग मशीन लर्निंगनं, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकाच्या मॉडेलनं, भरताही येतो. आपल्याकडच्या मुलांनी हे काम हातात घ्यावं, असं मनापासून वाटतं. पण यातल्या काही चुका अशा आहेत की त्या झाल्या तरी आकृती सुबक दिसते, आणि असते मात्र खोटी.

न दिसलेलं आणि नसलेलं एकच समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. स्कॅनमध्ये भोक दोन कारणांनी पडतं: एक तर कॅमेरा तिथं पोचला नाही, नाहीतर तिथं दगडच उरला नाही. पहिल्या प्रकाराला मशीन लर्निंग लागतच नाही, पुन्हा जाऊन फोटो काढायचे. सोलापूरच्या उन्हात दुपारी काळ्या बेसाल्टच्या खोबणीत इतकी गडद सावली पडते की सॉफ्टवेअरला जुळवायला खुणाच मिळत नाहीत. त्यात काम लांबलं तर सावली सरकते आणि फोटो एकमेकांशी भांडायला लागतात. सकाळी लवकर जा, किंवा आभाळ भरून आलेलं असताना.

वीरगळाला शेंदूर-तेल लावलेलं असेल तर चकाकीमुळे पृष्ठभाग खडबडीत येतो. तो शेंदूर खरवडू नका, ती गावाची श्रद्धा आहे. लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावला की बराच फरक पडतो. थर जाड असेल तर स्कॅनमध्ये शेंदराचा आकार येतो, दगडाचा नाही. तशी नोंद ठेवा.

तयार मॉडेलवर विसंबणं

२०१८ साली आलेलं पीसीएन (पॉइंट कम्प्लिशन नेटवर्क) हे अर्धवट आकृती पुरी करण्याच्या क्षेत्रातलं सुरुवातीचं, आजही तुलनेसाठी वापरलं जाणारं नेटवर्क. त्याच्या नेहमीच्या डेटात आठ प्रकारच्या वस्तू आहेत: विमान, कपाट, मोटार, खुर्ची, दिवा, सोफा, टेबल आणि जहाज. त्यात वीरगळ कुठून येणार? अशा मॉडेलला अर्धा वीरगळ दिला तर ते आपल्या ओळखीचं काहीतरी काढतं, बहुधा कपाटासारखा ठोकळा.

यावर खात्रीचा उपाय एकच. परिसरातले धड असलेले वीरगळ स्कॅन करा, संगणकावर त्यांचे भाग मुद्दाम कापा आणि तुटका-अख्खा अशा जोड्यांवर मॉडेलला शिकवा. काप सरळ सुरीनं मारल्यासारखे नकोत. दगड कोपऱ्यातून, कडेतून, माथ्यावर फुटतो, बाकी ठिकाणी झिजतो, तसंच कापा. आणि एकाच दगडाचे वेगवेगळे काप शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे टाकू नका. मग मॉडेल फक्त पाठांतर म्हणून दाखवतं आणि निकाल उगाच चांगला दिसतो.

ठोकळा आला की मॉडेलला दोष देणं

आधी दिशा बघा. शेपनेट या त्रिमितीय आकृतींच्या संग्रहात वाय अक्ष वर असतो, ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये झेड, आणि फोटोंवरून बनवलेला स्कॅन तर कसाही तिरका येतो. मग माप बघा: फोटोत मोजपट्टी ठेवली नसेल तर एक युनिट म्हणजे किती सेंटीमीटर, हे कुणालाच कळणार नाही.

तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पीसीएनच्या डेटात अर्धवट आकृतीसुद्धा अख्ख्या आकृतीच्या चौकटीत बसवलेली असते. आपण तुटक्या तुकड्याचाच मध्य काढून तो शून्यावर आणला, की नेटवर्कला वाटतं हा लहान पण पूर्ण दगड आहे, आणि वरचा भाग ते भरतच नाही. त्याच परिसरातल्या धड वीरगळाच्या रुंदी-उंचीवरून मूळ उंचीचा अंदाज घ्या आणि तुकडा त्या चौकटीत बसवा.

बारकाव्याची अवाजवी अपेक्षा

पीसीएन आकृती ठिपक्यांच्या रूपात हाताळतं: २,०४८ बिंदू घेतं आणि १६,३८४ देतं. मीटरभर उंच, अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर जाड वीरगळावर ते पसरले तर दोन बिंदूंत साधारण ९ मिलिमीटर अंतर पडतं. त्यात तलवारीची धार किंवा वीराचा चेहरा येणं शक्य नाही. दगडाची बाह्यरेषा मात्र येईल, आणि तेवढीच मागा.

आरशासारखी बाजू उलटवणं

डावीकडचं उजवीकडे उलटवलं की काम झालं, हा मोह आवरा. वीरगळाच्या माथ्यावर एका बाजूला सूर्य असतो आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. ‘जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर’ या भावनेनं कोरलेले. बाजू उलटवली की दोन सूर्य होतात. लढाईच्या पट्ट्यात तर वीर एकीकडे आणि शत्रू दुसरीकडे, तिथं समरूपता कसली.

आकड्यावर समाधान मानणं

चॅम्फर अंतर, म्हणजे मॉडेलची आकृती खऱ्या आकृतीपासून किती दूर पडली याचं माप, ही सरासरी आहे. दगडाचा बराचसा भाग शाबूत असेल तर तो जवळजवळ जसाच्या तसा परत आला तरी आकडा छान दिसतो. कापलेल्या भागापुरतं वेगळं मोजा. शिवाय पीसीएनसारखं मॉडेल अनेक शक्यतांची सरासरी काढून गुळगुळीत गोळा देतं. डिफ्यूजनवर आधारलेलं, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांपासून दरवेळी नव्यानं आकृती घडवणारं, मॉडेल असेल तर ते अनेकदा चालवून पाहा. जिथं दरवेळी वेगळं उत्तर येतं, ती जागा रिकामीच ठेवा.

सगळं एकात मिसळणं

यातली अनेक नेटवर्क आकृती नव्यानं काढतात, म्हणजे शाबूत भागही बदलून देतात. म्हणून मूळ स्कॅन तसाच ठेवा, नेटवर्ककडून फक्त हरवलेला भाग घ्या, तो वेगळ्या रंगात आणि वेगळ्या फाइलमध्ये राहू द्या. मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये पॉइसन पद्धतीनं मेश केलं, म्हणजे बिंदूंवरून सलग पृष्ठभाग बनवला, तर उघड्या कडांपलीकडे फुगा तयार होतो. कमी घनतेचा तो भाग छाटून टाका. १९६४च्या व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे. संगणकावर आपण थोडं पुढं जाऊ शकतो, पण अंदाज कुठून सुरू झाला ते बघणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

अक्षरांच्या बाबतीत मात्र तेवढंही नको. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८चा मराठी शिलालेख आहे. असल्या लेखातली झिजलेली अक्षरं नेटवर्कनं भरली तर आपण नवा मजकूर कोरल्यासारखं होईल. तिथं तिरपा प्रकाश टाकून जवळून, दाट फोटो घ्या, त्यांवरून खोलीचा नकाशा बनवा आणि वाचन लिपी जाणणाऱ्यांवर सोपवा.