चवळीला वेल फार, शेंग नाही

सिन्नरच्या पूर्व भागातलं आमचं रान हलकं, पावसाचा भरवसा नाही. म्हणून चवळी लावली. मूळची आफ्रिकेची, कमी पाण्यावर तग धरणारी. पहिल्या वर्षी वेल कंबरेएवढे, शेंगा मात्र भाजीपुरत्याही नाहीत! कुणाच्या तरी सांगण्यावरून युरिया दोनदा टाकला होता, तिथंच चुकलं. झाड उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडल्या, तर आतून पांढऱ्या. या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पुरवतात; काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. युरियातून आयतं नत्र मिळाल्यावर जिवाणू कशाला राबतील?

पुढच्या खरिपात युरिया बंद. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम, म्हणजे गाठींतल्या त्याच जिवाणूंचं खत, गुळाच्या पाण्यात कालवून चोळलं, सावलीत सुकवलं, त्याच दिवशी पेरलं. वाण दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, ‘कोकण सदाबहार’, लवकर येणारं. दोन ओळींत 45 सें.मी. अंतर. फुलोऱ्यात पावसानं ओढ दिली तेव्हा शेततळ्यातून एक पाणी दिलं, बस. मावा आला, तो निंबोळी अर्कावर आटोक्यात राहिला.

या वेळी गाठी गुलाबी निघाल्या. शेंगांचे तीन तोडे झाले. भुंगा लागू नये म्हणून आईनं दाणे चुलीच्या राखेत घोळून डब्यात भरलेत.