'कॅनरी इन द कोल माइन' हा इंग्रजी वाक्प्रचार वाक्यात कसा वापरावा

येऊ घातलेल्या संकटाबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजी लेखात ही 'कोळशाच्या खाणीतली कॅनरी' (कॅनरी म्हणजे एक छोटा गाणारा पक्षी) हमखास भेटते. एखादी छोटी बँक बुडाली, तळ्यातले बेडूक दिसेनासे झाले, की त्यांना 'द कॅनरी इन द कोल माइन' म्हटले जाते. कोशात अर्थ पाहिला तर 'धोक्याची पूर्वसूचना' एवढाच सापडतो. तेवढ्या बळावर वाक्य केले की ते व्याकरणात बसते, पण अर्थात फसते. म्हणून सुरुवात व्याकरणापासून नको, खाणीपासून करू.

आधी खाण समजून घ्या

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे गेली. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले, तेव्हा लक्षात आले की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. हाल्डेनने सुचवले की खाणीत उतरताना उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यावा. लहान जीवाचा श्वासोच्छ्वास जलद असतो, त्यामुळे विष त्याच्या रक्तात माणसाच्या आधी भिनते. त्यातही पक्ष्याच्या फुप्फुसांतून श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फिरते. कॅनरी दांडीवर डुलू लागली, खाली पडली, की माणसांनी मागे फिरायचे. तेवढी काही मिनिटे हातात असत.

शोध-बचाव पथकांकडे असा पिंजराही असे, ज्याच्यावर प्राणवायूची छोटी नळकांडी बसवलेली होती. पक्षी कोसळला की दार बंद करून आत प्राणवायू सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचे. खाणकामगारांचा या पक्ष्यांवर जीव होता. ब्रिटनमध्ये १९८६ साली कॅनरीच्या जागी विद्युत उपकरणे आणण्याचा निर्णय झाला, तेव्हा कित्येकांना वाईट वाटले.

तीन प्रश्न विचारा

वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा. ज्याला मी कॅनरी म्हणतो आहे, त्याला स्वतःला इजा होते आहे का? इतरांवर येणारे संकट तेच आहे का? आणि इतरांना सावरायला अजून वेळ आहे का, किंवा तेव्हा होता का?

तिन्ही प्रश्नांना 'हो' असे उत्तर देणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला जपानमधल्या मिनामाताचे वाटते. १९५० च्या दशकात तिथल्या किनाऱ्यावरची मांजरे वेड्यासारखी गिरक्या घेऊ लागली, झटके येऊन मरू लागली. १ मे १९५६ रोजी माणसांमधल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारण एकच होते: चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा मासळीत उतरला होता आणि तीच मासळी मांजरेही खात होती, माणसेही. इथे बिनदिक्कत लिहावे:

'द कॅट्स ऑफ मिनामाता वेअर द कॅनरी इन द कोल माइन.'

आता आपल्याकडची गिधाडे घ्या. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाशच्या आकाश रिकामे झाले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली. या गिधाडांनाही अनेक जण कॅनरी म्हणतात. मी म्हणणार नाही. गिधाडांना मारणारा धोका त्याच वाटेने माणसाकडे येत नव्हता. माणसाला त्रास झाला तो गिधाडे नाहीशी झाल्याने, म्हणजे मढी कुजत पडल्याने आणि भटकी कुत्री वाढल्याने. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, की वाक्प्रचार बदलावा.

शेजाऱ्यांशी गल्लत टाळा

'रेड फ्लॅग' म्हणजे शंका यावी असे लक्षण. आपली 'शंकेची पाल चुकचुकते' तेव्हा दिसते ते. ज्या कंपनीचे हिशेब जुळत नाहीत, तिचे हिशेब हा 'रेड फ्लॅग', कॅनरी नव्हे, कारण हिशेबाला कसलीच इजा होत नाही. 'टिप ऑफ द आइसबर्ग' मध्ये संकट आधीच पूर्ण हजर असते, आपल्याला फक्त टोक दिसते. कॅनरीत काळाचा क्रम असतो: आज तिच्यावर, उद्या आपल्यावर.

आता वाक्याची बांधणी

'अ' की 'द', हा प्रश्न विद्यार्थ्यांना फार छळतो. दोन्ही चालतात. सूचना देणाऱ्या अनेक गोष्टींपैकी ही एक असेल तर 'अ कॅनरी इन द कोल माइन', हीच ती ठळक सूचना असेल तर 'द कॅनरी'. अनेकवचनात 'कॅनरीज' होते, खाण मात्र एकच राहते.

क्रियापद साधे ठेवा: 'इज', 'वॉज', 'सर्व्हज अ‍ॅज'. कोणाला सावध करायचे ते पुढे 'फॉर' लावून सांगा:

'स्मॉल शॉप्स आर ऑफन द कॅनरी इन द कोल माइन फॉर द लोकल इकॉनॉमी.'

म्हणजे गावाची अर्थव्यवस्था मंदावू लागली की झळ आधी छोट्या दुकानांना बसते. इथे 'फॉर' च्या जागी 'टू' लिहू नका.

काळाकडेही लक्ष द्या. 'इज' म्हटले की वाचकाला अजून काही करता येण्याजोगे आहे. 'वॉज' म्हटले की बहुधा कोणी ऐकले नाही, असा सूर लागतो. हवामानबदलावर लिहिताना हा फरक मोठा ठरतो:

'कोरल रीफ्स आर कॅनरीज इन द कोल माइन फॉर द वॉर्मिंग ओशन्स.'

इथे 'आर' च हवे.

पुण्यातल्या आयटीवाल्यांकडे हीच कॅनरी वेगळ्या कामाला आहे. नवे सॉफ्टवेअर आधी मोजक्या वापरकर्त्यांना देऊन पाहतात, त्याला 'कॅनरी रिलीज' म्हणतात. तिथे 'कोल माइन' जोडायची गरज नाही.

माणसांबद्दल लिहिताना थांबा

कंत्राटी कामगार, गटारात उतरणारे सफाई कामगार यांना कॅनरी म्हणण्यापूर्वी वाक्य पुन्हा वाचा. त्यांचा जीव गेला हे जणू आपल्याला मिळालेले सूचनापत्र आहे, असा अर्थ त्यातून निघतो. जिथे माणूस मेला, तिथे मरणाचीच बातमी लिहावी, उपमा नको. उद्योग, प्रदेश, प्राणी यांच्यासाठी हा वाक्प्रचार राखून ठेवलेला बरा.

मराठीत आणताना

इंग्रजी मजकुराचा अनुवाद करताना 'कोळशाच्या खाणीतली कॅनरी' असे ठेवले, तर ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो वाचक अडखळतो. 'धोक्याची घंटा' जवळची आहे, पण घंटेला इजा होत नाही. बहुतेक ठिकाणी 'पहिली झळ' हे शब्द काम भागवतात: 'दुष्काळाची पहिली झळ मेंढपाळांना बसली.' इजा, क्रम आणि पुढे येणारे संकट, तिन्ही त्यात आले.