मोंसेग्युर गडाची गोष्ट सांगायचीय? करवंटी घ्या

म्हापशात आमचा भटक्यांचा ग्रुप आहे, पावसात ट्रेक बंद पडले की कोणाच्या तरी घरी बसून एकेका किल्ल्यावर बोलायचं. माझ्या वाट्याला मोंसेग्युर आला, फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याशी असलेला कथार लोकांचा, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा गड. पहिल्यांदा मी नुसत्या तारखा वाचत बसलो आणि सगळे भज्यांकडे बघायला लागले, म्हणून तुम्ही ती चूक करू नका.

फोटो दाखवण्याआधीच सांगून टाका की आज दिसतो तो कोट कथारांचा नाही, गड पडल्यावर लेव्ही घराण्याने तो नव्याने बांधला. आपला शापोरा किल्ला कसा मूळ आदिलशाहीचा, पण आज बघतो ती तटबंदी पोर्तुगीजांनी १७१७ ला उभारलेली, तसंच. कथारांसाठी रेमों द पेरेय याने १२०४ च्या सुमारास गड उभा केला आणि १२३२ पासून तो त्यांच्या धर्माचं मुख्य ठाणं झाला.

आता करवंटी उपडी ठेवा. हा डोंगर, १२०७ मीटर, आपल्या सोंसोगडापेक्षा किंचित उंच. वर गड, आणि पूर्वेकडे काडीपेटी टेकवा, ती झाली उतरत जाणारी सोंड. १२४२ मध्ये इथल्याच लोकांनी आविन्योने गावी जाऊन इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडी शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे अधिकारी मारले, त्याचा परिणाम म्हणून मे १२४३ मध्ये फ्रेंच राजाच्या सैन्याचा वेढा पडला. महिनोन् महिने काही होईना, मग हिवाळ्यात रात्री वेढा घालणाऱ्यांची डोंगरात वाढलेली माणसं सोंडेच्या टोकाचा कडा चढून गेली. इथे कोणीतरी तानाजी म्हणणारच, म्हणू दे, पण काडीपेटीवर बोट सरकवत दाखवा की तिथून दगडफेकीची यंत्रं गडाच्या जवळ आणता आली, खरा घात तिथेच झाला.

पुढचं मात्र सावकाश सांगा. मार्च १२४४ च्या सुरुवातीला शरणागती ठरली, पंधरा दिवसांची मुदत मिळाली. शिपायांना माफी होती, कथारांनी धर्म सोडला तर त्यांनाही. पण त्या मुदतीत वीसेक जणांनी, त्यात शिपाई आणि बायकासुद्धा, उलट कथारांची दीक्षा घेतली, म्हणजे जळायचं हे माहीत असून. १६ मार्चला दोनशेच्या वर लोक डोंगराखाली जाळले.

हे कळलं कुठून असं विचारतील. वाचलेल्यांच्या इन्क्विझिशनने घेतलेल्या जबान्या शिल्लक आहेत, त्यातून. गोव्यात बोलताय तर जुन्या गोव्याचं इन्क्विझिशन लगेच निघेल, ते १५६० चं, तीनशे वर्षांनंतरचं आणि पोर्तुगीज राजाच्या हाताखालचं, दोन्ही एकत्र कालवू नका. खजिन्याचंही त्याच जबान्यांत आहे, सोनं-चांदी आणि पैसा नाताळच्या सुमारास आधीच गडाबाहेर गेला होता, आणि अगदी शेवटी चार कथार रात्री कड्यावरून खाली उतरले. होली ग्रेल, म्हणजे येशूचा तो दंतकथेतला पेला, कोणी काढला तर ती भर फार नंतरची आहे म्हणावं, आणि चहा मागवावा.