सतत थकवा: नैराश्य की आणखी काही? या चुका टाळा

आठ तास झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, असं महिनाभर चाललं की बहुतेक जण घाईने एक बाजू धरतात. काही म्हणतात, "हे सगळं मनाचं आहे." काही म्हणतात, "डिप्रेशन वगैरे काही नाही, ताकदीच्या गोळ्या द्या." दोन्ही निदानं तपासणीआधीची.

पहिल्या बाजूची चूक जास्त महाग पडते. थायरॉइड ग्रंथी मंदावली की थकवा, उदासी, विसराळूपणा, वाढतं वजन असं सगळं एकत्र येतं आणि चित्र हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. म्हणून शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि रक्तातली साखर पाहून घ्यायला हवी. यातलं फेरिटिन हमखास राहून जातं. "हिमोग्लोबिन नॉर्मल आहे" म्हणून लोहाचा विषय तिथेच संपतो. पण शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. साठा किती उरलाय हे फेरिटिन सांगतं. मात्र ताप किंवा संसर्ग असताना ते उगाच वर जातं, तेव्हा तपासलं तर फसगत होते.

तपासणीआधीच गोळ्या सुरू करणं हीसुद्धा चूकच. बी-१२ घेऊन रक्त दिलं तर मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिन तर थायरॉइडचे आकडेच बिघडवू शकतं, ते किमान दोन दिवस आधी थांबवा. चालू असलेली औषधंही डॉक्टरांना सांगा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते.

झोप आणि थकवा यांची गल्लत करू नका. बसल्या बसल्या डुलकी लागते, रात्री जोरात घोरता, सकाळी डोकं जड असतं? मग झोपेत श्वास अडखळतो का, ते बघायला हवं. रक्ताच्या रिपोर्टात हे कधीच दिसणार नाही.

आता दुसरी बाजू. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये." हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. नैराश्यात रडू येतंच असं नाही. अनेकांना फक्त थकवा जाणवतो. स्वतःला एक प्रश्न विचारा: आज अंगात ताकद असती तर काय केलं असतं? शरीराने थकलेल्या माणसाकडे बहुतेकदा यादी तयार असते. नैराश्यात ती यादीच सापडत नाही, आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात. त्यात पहाटे लवकर जाग, अपराधी भावना आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अर्थात हा प्रश्न म्हणजे निदान नव्हे, फक्त दिशा.

"उठ, व्यायाम कर" हा सल्लाही सरसकट देऊ नये. सौम्य नैराश्यात चालण्याचा खरंच उपयोग होतो. पण थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी माणूस अंथरुणालाच खिळत असेल, तर रेटून व्यायाम केल्याने त्रास वाढतो. तो वेगळा आजार असू शकतो. विशेषतः एखाद्या विषाणूसंसर्गानंतर हे सुरू झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शिवाय दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात. लोह कमी आणि मनही खचलेलं, तर एकावरच उपचार करून अर्धाच फरक पडतो. तेवढ्यात "औषध लागू पडत नाही" म्हणून ते सोडलं जातं. नैराश्याच्या औषधांना बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात. लोहाचा साठा भरायला तर काही महिने जातात.

विनाकारण वजन घटणं, रात्री घाम, दम लागणं असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी; कुणाला तरी सोबत घेऊन जा, रिपोर्टची वाट पाहू नका.