मेडिकल करताना पळणं कसं टिकवायचं आणि पुढे सायकियाट्रीला कसं जायचं

पुण्यातल्या सणस ग्राउंडवर दर वर्षी कुठलं तरी बारावीचं पोर नाहीतर त्याची आई मला गाठते, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आहे तर पळणं बंद करू का म्हणून. मी स्वतः स्टेटपर्यंत पळालोय, आता एमडी सायकियाट्री (मानसोपचार) करतोय, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

आधी हिशोब. एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी (एमडीची प्रवेश परीक्षा), मग एमडी तीन वर्षं. झाली साडेआठ, मधे ड्रॉप घेतलात तर अजून. "हे सगळं झालं की परत ट्रॅकवर येतो" म्हणणारा येत नाही, बघितलंय.

मग वेळ कुठून आणायचा? इंग्लंडचा धावपटू रॉजर बॅनिस्टर 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 1500 मीटरला चौथा आला तेव्हा मेडिकलचा स्टुडंट होता, प्रॅक्टिस करायचा जेवणाच्या सुट्टीत. 6 मे 1954 ला सकाळी हा बाबा लंडनमधल्या आपल्या हॉस्पिटलला गेला, तिथल्या लॅबमध्ये स्पाइक्सना (बुटांच्या खिळ्यांना) धार लावली, ट्रेन पकडून ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी मैल 3:59.4 मध्ये पळाला, चार मिनिटांच्या आत पहिलाच माणूस. पुढे न्यूरोलॉजिस्ट (मेंदू-नसांचा डॉक्टर) झाला, म्हणजे आमचा सख्खा शेजारीच :)

तुम्ही त्याचा टायमिंग सोडा, सुट्टी उचला. दिवसातली ठरलेली पाऊण तासाची वेळ, मग होस्टेलचा जिना का असेना. आणि नाइट ड्युटी करून आल्यावर इंटर्व्हल (थांबून थांबून जोरात पळणं) मारू नका, मी शहाणपणा केला, हॅमस्ट्रिंग (मांडीमागची शीर) गेली आणि सहा आठवडे लंगडत राउंड घेतले, पेशंटच विचारायचे डॉक्टर काय झालं.

सायकियाट्री हवीच असेल तर एमबीबीएसमधलं तिचं पोस्टिंग जेमतेम काही आठवड्यांचं असतं, पोरं ते झोपेत घालवतात. तुम्ही ओपीडीत कोपऱ्यात बसा आणि हिस्ट्री ऐका. "झोप कशी लागते?" विचारलं की पेशंटआधी त्याची बायको बोलते, आणि सर तिला थांबवत नाहीत, ऐकून घेतात आणि मग तोच प्रश्न परत पेशंटकडे वळवतात. हे पुस्तकात नाही मिळत.

फक्त कौन्सेलिंगच करायचंय, गोळ्या लिहायच्या नाहीत, असं असेल तर सायकॉलॉजीचा रस्ता वेगळा आहे, त्याला ही नीट लागतच नाही. घरच्यांना हे आधी सांगा, माझ्या आत्याला अजून दोन्ही एकच वाटतं.

आणि स्टायपेंड आला की आधी शूज बदला.