अँटिव्हायरसची तुलना करताना या चुका टाळा (मी केलेली तरी नक्की टाळा)

जळगावात कम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे माझं. फॉरमॅट मारणं, रॅम वाढवणं हे रोजचंच, पण सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रश्न एकच, "भाऊ, एक नंबर अँटिव्हायरस कोणता?" आणि हल्लीची पोरं तर विचारत पण नाहीत, मोबाईलवर लॅबच्या चाचणीतला व्हायरस पकडण्याचा आकडा दाखवतात, हा बघा शंभर टक्के, हाच टाका. त्या आकड्यावर मी पण एकदा भाळलो होतो.

किती व्हायरस पकडले एवढंच बघणं

चोपड्याकडच्या एका कृषी केंद्राचं काम माझ्याकडे होतं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर गावातल्याच एका पोराने बनवून दिलेलं, दिसायला ओबडधोबड पण बिल चटकन काढायचं. मी चाचणीच्या निकालात सगळ्यात वरचं नाव उचललं, टाकलं आणि मोकळा झालो. मे संपत आलेला, कपाशीच्या बियाण्याला दुकानासमोर गर्दी, आणि सकाळी सकाळी आप्पांचा फोन, "बिल निंघत नई शे रे भो."

तापी ओलांडून पोचेपर्यंत आप्पा बिलबुकावर हाताने बिलं फाडत बसले होते, प्रत्येक पाकिटाचा लॉट नंबर चष्मा वर-खाली करून वाचत, आणि रांगेतली माणसं माझ्याकडे अशी बघत होती की मीच बियाणं लपवून ठेवलंय. झालं काय होतं, रात्री अँटिव्हायरस अपडेट झाला आणि त्याने बिलिंगची एक्झी फाइलच (जिच्यावर सॉफ्टवेअर चालू होतं ती) व्हायरस समजून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंद कोठडीत टाकली. फाइल परत आणली, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नको'च्या यादीत घातलं, दहा मिनिटांचं काम. पण आप्पांची ऐन सीझनची सकाळ गेली ती गेलीच.

घरी येऊन तोच निकाल परत उघडला. पुढच्याच पानावर खोट्या अलार्मचा, म्हणजे चांगल्या फाइलला व्हायरस म्हटल्याचा तक्ता होता आणि त्यात आपला एक नंबरवाला भरपूर खोटे अलार्म घेऊन बसलेला. मी ते पान उघडलंच नव्हतं! सगळ्यांवर संशय घेतला की चोर सापडणारच, त्यात काय मोठं. बनवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नसलेली, चार दुकानांतच चालणारी गावठी सॉफ्टवेअरं यात पहिली मरतात. आणि मोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांचं पण होतं हे, 2010 च्या एप्रिलमध्ये मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच, चालायला लागणारी एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरात ढिगाने कम्प्युटर बसले.

म्हणून ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही चाचणी घेणारी लॅब खोटे अलार्म जास्त असले की अवॉर्डची पायरी खाली आणते. जर्मनीतली दुसरी लॅब एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास या तिन्हीला 6-6 असे 18 गुण देते, खोटे अलार्म त्या तिसऱ्यात. माझी सवय आता उलटी आहे, खोट्या अलार्मचा तक्ता आधी बघतो, पकडण्याचा आकडा नंतर. वरच्या पाच-सहा जणांत पकडण्याचा फरक तसाही किरकोळच असतो.

ऑफलाइनचा आकडा सोडून देणं. एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या मालवेअर चाचणीत नेट असताना किती पकडले आणि नसताना किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. काही प्रॉडक्ट क्लाउडवरच, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारूनच जगतात. तुमच्याकडे लाइट गेली की नेट जातं आणि पेनड्राइव्ह अख्ख्या गावात फिरतो, तर हाच आकडा तुमचा.

घरच्या घरी चाचणी घेणं

दुकानात शिकायला येणाऱ्या एका पोराने दोन अँटिव्हायरसची "टेस्ट" घेतली. एक टाकला आतल्या वेगवान एसएसडी डिस्कवाल्या मशीनवर, कूलरसमोर. दुसरा बाहेर पत्र्याखालच्या जुन्या हार्ड डिस्कवाल्यावर, जळगावचा मे महिना, पंख्यात धूळ. निकाल काय, तर दुसरा स्लो आहे! अरे बाबा, त्या मशीनवर नोटपॅड पण स्लो आहे. तुलना करायची तर मशीन तेच, विंडोज तेच, त्याच दिवसाचं अपडेट, आणि एकाची टेस्ट झाली की डिस्क पहिल्यासारखी करूनच दुसरा टाकायचा. एवढा धीर नसेल तर लॅबवाल्यांनी केलेलं वाचा, फुकट आहे.

जुन्या व्हायरसचं फोल्डर जपून ठेवून त्याच्यावर टेस्ट घेणारे महाभाग पण आहेत. जुने सगळेच पकडतात. आणि आयकारची 68 अक्षरांची ती निरुपद्रवी नमुना फाइल पकडली म्हणजे अँटिव्हायरस चालू आहे एवढंच कळतं, चांगला आहे हे नाही.

व्हायरसटोटलवर (एकच फाइल ढीगभर अँटिव्हायरसकडून तपासून देणारी वेबसाइट) तुलना. नका करू. तुलनेसाठी वापरू नका असं ते स्वतःच सांगतात.

दोन अँटिव्हायरस एकत्र. दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मग मशीन घेऊन माझ्याकडे येता.

एकाच निकालावर जन्मभर विसंबणं. एव्ही-टेस्ट दर दोन महिन्यांनी नवीन निकाल देते, कारण व्हायरस पण बदलतात आणि प्रॉडक्ट पण. 2015 मध्ये तर तीन लॅबनी मिळून चीनच्या किहू 360 या अँटिव्हायरस कंपनीचे त्या वर्षीचे अवॉर्ड काढून घेतले, चाचणीला पाठवलेल्या प्रॉडक्टमध्ये एक इंजिन (व्हायरस ओळखणारा भाग) चालू आणि लोकांना दिलेल्यात दुसरंच. मी किमान तीन-चार निकाल लागोपाठ बघतो, सारखा वरच्या गटात असेल तरच टाकतो, पहिला नसला तरी चालेल.

आप्पांकडे आता असाच एक आहे, कधीच पहिला न आलेला. तरी मे लागला की त्यांचा फोन येतोच, "भो, ते अपडेट रातले नको करू."