कंपनीच्या रिमवर ट्रॅकचे टायर घेताना

ट्रॅक डेची, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाची, फी भरून झाली की पहिला प्रश्न टायरचा येतो. नव्या माणसाने उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं: बसतील तेवढे रुंद. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. रिम बदलायचे नसतील तर रुंदीचा विषय जवळजवळ मिटलेलाच असतो. डोकं लावायचं ते रबर कुठलं घ्यायचं आणि हवा किती ठेवायची यावर.

माझी गाडी माझदा एमएक्स-5, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, एनडी म्हणजे चौथ्या पिढीची, वजन जेमतेम 1060 किलो. कंपनीची चाकं 17 इंची, रिमची रुंदी 7 इंच, त्यावर 205/45 आर 17 (205 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 45 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के, 17 म्हणजे रिमचा व्यास इंचांत). मी कॅलिफोर्नियात राहते आणि जास्त करून विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकला जाते. तुमची गाडी दुसरी असेल, तुम्ही कदाचित कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर चालवत असाल. आकडे बदलतील, हिशोब हाच राहील.

प्रत्येक टायर मापासाठी कारखान्याने रिमच्या रुंदीची हद्द ठरवलेली असते. 205/45 आर 17 ला साडेसहा ते साडेसात इंच. 215/45 ला 7 ते 8. 225/45 ला 7 ते साडेआठ. 245/40 ला मात्र 8 ते साडेनऊ. म्हणजे 7 इंची रिमवर 225 पर्यंत कागदोपत्री चालतं आणि 245 चालत नाही. तरीही 245 बसवून देणारे भेटतात. मलाही एका दुकानात एक शब्द न बोलता बसवून दिले होते, आणि टायर रिमवर दिसायलाही छान दिसतात. सापळा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते. 205/45 साठी ती रिम 7 इंचाची, 245/40 साठी साडेआठ इंचाची. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायर साधारण 5 मिलिमीटरने आक्रसतो. म्हणजे 245 चे पैसे मोजून 7 इंची रिमवर हातात पडतात 230 च्या आसपास. हे नुकसान तसं किरकोळ. खरं नुकसान साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं. पायजम्याची नाडी फार आवळली की वरचं कापड फुगून बाहेर येतं, तसं टायरचं होतं: खाली कडा जवळ ओढल्या जातात आणि वर ट्रेड, म्हणजे रस्त्याला लागणारा भाग, मधोमध उंचावतो. वळणात जोर आला की रिम एका बाजूला जाते, ट्रेड मागे रेंगाळतो, आणि मग साइडवॉल लवून टायर बाहेरच्या कडेवर चढतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. नव्या चालकाला वाटतं आपलाच हात चुकतोय. हात ठीक असतो.

थंडरहिलचं दुसरं वळण लांबलचक डावं आहे, गाडी बराच वेळ उजव्या पुढच्या टायरवर टेकून राहते. तो टायर काढून उन्हात धरला तेव्हा सगळं दिसलं. घर्षण कुठवर यावं याची खूण म्हणून शोल्डरवर, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल जुळतात त्या कडेवर, जो छोटा त्रिकोण असतो, तो पार पुसला गेला होता आणि त्याच्याखाली साइडवॉलची अक्षरं घासायला लागली होती. बाहेरच्या कडेला वितळलेल्या रबराच्या गुठळ्या, आणि आतल्या कडेला साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस अजून शाबूत! रुंद टायर म्हणून घेतलेल्या त्या टायरचा निम्माच भाग रस्त्याला लागत होता.

यावर लगेच सल्ला मिळतो, "हवा वाढव, साइडवॉल ताठ होईल." ताठ होते, हो. पण मधला भाग आणखी फुगतो आणि ग्रिप आणखी कमी होते. या वाटेला जाऊच नका.

मग हा रुंद टायरचा सल्ला येतो कुठून? ऑटोक्रॉसमधून, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेक गाडी वेळेविरुद्ध पळवण्याच्या खेळातून. एससीसीए या अमेरिकी मोटरस्पोर्ट संघटनेच्या स्ट्रीट वर्गात रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, टायर मात्र रुंद घ्यायची मुभा आहे. त्यामुळे तिथली जाणकार मंडळी अरुंद रिमवर मुद्दाम रुंद टायर चढवतात, आणि त्यांना त्याचा फायदाही होतो. पण त्यांची फेरी मिनिटभराची. आपलं सेशन वीस मिनिटांचं. मिनिटभरात टायर नीट तापतही नाही. वीस मिनिटांत विलोजच्या उन्हाळ्यात तो उकळतो. त्या लोकांचा सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या खेळाचा आहे. कोणी छातीठोकपणे माप सांगितलं की एवढंच विचारा: तुम्ही सलग किती मिनिटं चालवता?

माझा कल 215/45 आर 17 कडे आहे. 7 इंची रिम त्याच्या हद्दीत बसते, व्यास मूळ टायरपेक्षा फक्त 9 मिलिमीटरने वाढतो. पहिल्या पिढीच्या टोयोटा 86 ला हेच माप असल्याने ट्रॅकच्या टायरमध्ये निवडही बरी मिळते. 225/45 ने व्यास 18 मिलिमीटरने वाढतो, गिअर लांबल्यासारखे वाटतात, म्हणजे पिकअप मंदावतो. आधीच ताकद कमी असलेल्या गाडीला ते कशाला? आणि 205 च ठेवलंत तरी काही बिघडत नाही, हे मनापासून सांगते.

आता रबर. पहिल्या काही ट्रॅक डेंना गाडीसोबत आलेले साधे समर टायरच वापरा. ते घसरण्याआधी ओरडतात, हळूहळू सुटतात, आणि तुमचा ब्रेक कुठे उशिरा सुटला ते ऐकवतात. चिकट टायर चुका झाकतो आणि सुटतो तेव्हा जास्त वेगात सुटतो. पहिल्याच दिवशी सर्वात चिकट टायर घ्यायला सांगणारा माणूस लॅप टाइम शिकवतोय, गाडी चालवायला नाही. मला स्वतःला हळू गाडीतून वेगात जाणारे इन्स्ट्रक्टर सर्वात आवडतात. शेजारच्या सीटवर असा माणूस मिळाला तर नव्या टायरपेक्षा तो जास्त वेग देतो. पैसे मोजकेच असतील तर टायर नंतर घ्या. आधी चांगलं ब्रेक फ्लुइड आणि एक जास्तीचा ट्रॅक डे.

टायर किंचाळायला लागला तरी तुमचा हात शांत राहतो, अशी वेळ आली की 200 ट्रेडवेअरच्या वर्गाकडे वळा. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा साइडवॉलवरचा आकडा. पण 200 हा आकडा सगळीकडे सारखा धरू नका. ही चाचणी टेक्ससच्या रस्त्यांवर 7200 मैल गाड्या चालवून, एका प्रमाण टायरच्या झिजेशी तुलना करून होते, आणि अंतिम आकडा कंपनी स्वतः लावते. म्हणून हॅन्कूक व्हेंटस आरएस4 ही 200 आणि योकोहामा अॅडव्हान ए052 ही 200, पण दोघांचा स्वभाव दोन टोकांचा. ए052 लगेच तापतो, सुरुवातीच्या लॅपमध्ये भन्नाट पकडतो, मग ढेपाळतो आणि झिजतोही भरभर. आरएस4 ची सर्वोच्च पकड कमी, पण तो सेशनभर तसाच राहतो आणि पुष्कळ टिकतो. शिकणाऱ्याला दहावी लॅप पहिल्यासारखी वाटणं फार मोलाचं असतं. माझं मत आरएस4 च्या जातीच्या टायरला. ब्रिजस्टोन आरई-71आरएस आणि ए052 स्टॉपवॉच महत्त्वाचं वाटू लागेल तेव्हासाठी. स्वस्तात मिळणारे जुने स्लिक, म्हणजे खाचा नसलेले रेसचे टायर नकोतच. अनेकदा तापून थंड झालेलं रबर कडक होतं, वर ते रस्त्यावर चालवायला कायदेशीरही नसतात. नवे टायर घेतानाही साइडवॉलवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा.

योग्य मापाच्या टायरचीही बाहेरची कडा आधी जाणार, कारण कारखान्यातून कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या भागाचा आतल्या बाजूचा कल, कमी असतो. एनडीला बरं आहे, मूळच्याच बोल्टवर पुढे दीड अंशाच्या आसपास मिळतो. अलाइनमेंटवाल्याला तसं स्पष्ट सांगा. याचा खर्च टायरच्या एका जोडीपेक्षा खूपच कमी आहे आणि फरक पहिल्याच वळणात कळतो. घाबरू नका, रोजच्या प्रवासात त्याने गाडी वेडीवाकडी चालत नाही.

हवा थंड टायरवर नाही, पिटमध्ये आल्याआल्या मोजायची. दारावरच्या स्टिकरवर 29 पीएसआय आहे. तेवढी भरून निघालात तर तापल्यावर आकडा बराच चढतो. मी गरम टायर 31-32 वर आणते, मग शोल्डरवरचा त्रिकोण पाहते. घर्षण त्रिकोणाच्या वरच थांबलं तर थोडी आणखी काढते, त्रिकोण ओलांडला तर भरते. प्रत्येक सेशननंतर चारही आकडे वहीत लिहा, बाहेरच्या तापमानासह. पहिल्या सेशननंतर चाकांचे नटही टॉर्क पान्याने तपासा, माझदासाठी 80 ते 108 फूट-पाउंड.

आणि संध्याकाळी फ्लॅग पडल्यावर लगेच निघू नका. गरम टायरमधून काढलेली हवा टायर थंड झाल्यावर खूपच कमी भरते. हवा न भरता निघालेली मंडळी मी पाहिली आहेत, आय-5 हायवेवर ताशी सत्तर मैलांनी मऊ टायरवर घरी जातात, आणि या गाडीत स्टेपनीही नसते. पोर्टेबल कंप्रेसर डिकीत ठेवा, टायर हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि 29 भरूनच हायवेला लागा.